मूठभर ज्वारीचा हिशेब

आमच्या आईने आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत एक नेम कधी चुकवला नाही. सकाळची आंघोळ, तुळशीला पाणी आणि मग गॅलरीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात सगळे सुन्न बसलेले असताना साडेसहाच्या ठोक्याला कबुतरे कठड्यावर येऊन बसली. माझी पत्नी उठली, तिने आईचा पितळी डबा उघडला आणि ज्वारी टाकली. तेव्हापासून तो नेम आमच्याकडे आला. मी बँकेत होतो तोवर आणि निवृत्त झाल्यावरही, मिळून बारा वर्षे आम्ही तो पाळला. पुण्य वगैरे मनात नव्हते. आईचे काहीतरी घरात चालू आहे, एवढेच समाधान.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर पत्नीला कोरडा खोकला लागला. आधी तो हवेचा वाटला, मग पित्ताचा, मग वयाचा. काढे झाले, गोळ्या झाल्या. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती थांबू लागली, तेव्हा फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्कॅन पाहिला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग विचारले, ‘‘काकू, घराजवळ कबुतरं आहेत का?’’

तिने माझ्याकडे पाहिले. कुणी आमच्या देवघरावर संशय घ्यावा तसे तिला झाले होते.

हा प्रश्न आता पुष्कळ घरांत विचारला जातो आहे, आणि २०२५ च्या पावसाळ्यात तो मुंबईत थेट रस्त्यावर आला. मुंबईतले एकावन्न कबुतरखाने बंद करण्याचे सरकारने विधान परिषदेत सांगितले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, असे न्यायालयाने जुलैच्या अखेरीस बजावले. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पुढे मुंबई महापालिकेने मोजक्या जागी सकाळच्या दोन तासांपुरती तात्पुरती मुभा दिली. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला आरोग्य, आणि मध्ये राजकारण, मराठी-अमराठी, जात-धर्म असा सगळा मसाला. पुणे महापालिकेनेही २०२३ साली सार्वजनिक जागी कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांकडून दंड घेण्याचे जाहीर केले होते. आपल्याकडे दादरसारखा भडका उडाला नाही, पण सोसायट्यांच्या वार्षिक सभा आठवून पाहा. पार्किंग आणि पाण्याच्या टँकरनंतर आवाज चढतात ते कबुतरांवरूनच.

या भांडणात मला एक गंमत दिसते. दाणे टाकणारे आणि टाकू नका म्हणणारे, दोघेही एक गोष्ट धरूनच चालतात, की दाणे टाकणे म्हणजे पक्ष्यांवर दया करणे. मतभेद फक्त या दयेपायी माणसाने किती सोसावे एवढाच. पण मुळात ती दया पक्ष्यांपर्यंत पोहोचते का, हे कुणी तपासत नाही.

नोकरीची काही वर्षे मी शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. तिथे एक धडा मिळाला. अर्जावरचा हेतू वाचून कर्ज मंजूर होते, पण पैसा कुठे गेला हे शिवारात जाऊनच कळते. विहिरीसाठी उचललेले कर्ज मुलीच्या लग्नात खर्च झालेले असते. माणूस खोटा नसतो, हेतूही वाईट नसतो, फक्त विहीर खोदलेली नसते. आमच्या ज्वारीचे असेच झाले. हेतू ‘पाखरांना दाणा’ असा होता. दाणा जमा झाला एकाच खात्यात, आणि ते खाते आधीच तुडुंब होते.

याचे कारण कबुतराच्या पोटात आहे. शब्दशः पोटात नव्हे, अन्नपिशवीत. कबुतराची जोडी पिल्लांना सुरुवातीला आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे घट्ट द्रव्य भरवते. नर आणि मादी दोघेही ते देतात. त्यामुळे आई-बापांना नुसते धान्य मिळत राहिले तरी पिल्ले वाढतात. एका वेळी दोन अंडी, अठरा दिवस उबवण, महिना-सव्वा महिन्यात पिल्लू उडते, आणि अन्न-निवारा भरपूर असला तर वर्षातून अनेक वेळा हा फेरा होतो. चिमणीचे तसे नाही. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर यांच्या पिल्लांचेही तेच. गॅलरीत पोतेभर ज्वारी ओतली तरी चिमणीचे एक पिल्लू त्यावर वाढायचे नाही. तिला हवी असते बागेतल्या कढीपत्त्यावरची अळी, आणि ती तर आपण औषध मारून मारलेली असते.

धान्य हे असे कबुतराला फळते. आता घराचे पाहा.

माझे बालपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेले. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर कौले. आजोबांच्या तसबिरीमागे चिमणीचे घरटे ठरलेले. त्यातून काड्या आणि पिसे खाली गादीवर पडत आणि आजी रोज कुरकुरत झाडून काढी, पण तसबीर कुणी सरळ करत नसे. दुपारी बायका अंगणात सुपाने धान्य पाखडत, खडे वेचत, आणि त्या पाखडलेल्यावर चिमण्यांचे पोट चाले. चिमण्यांसाठी म्हणून वेगळे काही केल्याचे मला आठवत नाही. त्या आमच्यात राहत होत्या, इतकेच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्या पुरात गेले. उरलेले पुढच्या चाळीस वर्षांत बिल्डरांनी उतरवले. तुळई गेली, कोनाडा गेला, कौलाखालची फट गेली. धान्य निवडलेले, पिशवीबंद येऊ लागले आणि सूप माळ्यावर गेले.

चिमण्या कमी झाल्याचे सगळे खापर मोबाइलच्या टॉवरवर फोडण्याची आपल्याला सवय लागली आहे. टॉवरविरुद्ध तसा ठोस पुरावा काही पुढे आलेला नाही. तुळई आणि सूप आपणच घालवले, हे मात्र आपल्या डोळ्यांदेखतचे आहे.

आणि त्या जागी आपण बांधले काय? कबुतराला मराठीत पारवा असे जुने नाव आहे, आणि पारव्याचे मूळ घर म्हणजे उंच कड्याची कपार. गडाचे बुरूज, देवळाची शिखरे, जुन्या विहिरींची तोंडे त्याला आवडतात ती म्हणूनच. आता आपल्या दहा मजली इमारतीकडे त्याच्या डोळ्यांनी पाहा. उभा कडा. त्यात मजल्यामजल्यावर एसीचे यंत्र ठेवायला बाहेर काढलेली फळी, न्हाणीघरामागचा अरुंद डक्ट, बंद खिडकीवरची छज्जी. माणूस तिथे पोहोचत नाही, मांजर पोहोचत नाही, पाऊस लागत नाही. पारव्यासाठी आपण सह्याद्रीच्या कपारींच्या शेकडो नकला शहरात उभ्या केल्या, आणि वर पायथ्याशी ज्वारी टाकून ठेवली. तो आला नसता तरच नवल!

२०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशभरातल्या सुमारे तीस हजार हौशी पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून तो तयार केलेला आहे. ज्या ३३८ जातींचा तीस वर्षांपर्यंतचा कल सांगता आला, त्यांतल्या २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि वाढल्या फक्त ३६. वाढणाऱ्यांत मोर आहे, कोकिळा आहे, गावकावळा आहे आणि आपला पारवा आहे. त्याआधीच्या २०२० च्या अहवालाने चिमणीविषयी सांगितलेली गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे: देशाचा एकूण हिशेब मांडला तर चिमणी साधारण टिकून आहे, घटली आहे ती मोठ्या शहरांत. ताळेबंद वाचणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. ज्या खात्यात शिल्लक वाढते आहे तिथेच आपण रोज भरणा करतो, आणि जी खाती रिकामी होत आहेत त्यांचे पासबुक कुठे ठेवले ते कुणालाच आठवत नाही.

आरोग्याचे बोलायला हवे, पण घाबरवण्यासाठी नव्हे. कबुतराची विष्ठा वाळते, पिसांची भुकटी उडते, आणि तिच्यातली प्रथिने श्वासाबरोबर आत जातात. बहुतेकांना काही होत नाही. काहींची फुप्फुसे मात्र त्याला शत्रू समजून झुंजू लागतात आणि झुंजता झुंजता निबर होतात. ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ असे त्याचे लांबलचक नाव. भारतातल्या सत्तावीस केंद्रांनी मिळून फुप्फुसांच्या अशा प्रकारच्या विकारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद ठेवली आणि तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना हाच आजार निघाला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्या अभ्यासाने पक्ष्यांबरोबरच घरातल्या एअर कूलरकडेही बोट दाखवले होते, आणि कूलरविरुद्ध अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. आजार लवकर ओळखला आणि संपर्क तोडला तर पुष्कळ निभावते. उशीर झाला तर झालेली इजा भरून येत नाही. आमचे थोडक्यात निभावले, असे डॉक्टर म्हणतात. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती अजूनही थांबते, पण पूर्वीइतका वेळ नाही.

मग कबुतरांना मारायचे का? सभेत हा प्रश्न विचारणारा एकजण निघतोच. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने तो प्रयोग करून पाहिला आहे. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, आणि शहरातली कबुतरांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती तिथेच राहिली. मेलेल्यांची जागा नवी पिल्ले घेत. अन्न तेवढेच होते ना! मग १९८८ साली तिथल्या विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डॅनिएल हाग-वाकरनागेल यांनी वेगळा रस्ता धरला. पत्रके, भित्तिचित्रे, वर्तमानपत्रे यांतून लोकांना समजावले, की फुकटच्या अन्नाने कबुतरांची दाटी होते आणि दाटीत पिल्ले गोचिडांनी, रोगांनी हालहाल होऊन मरतात. दाणे टाकणे ही दया नव्हेच. जोडीला देखरेखीखालची मोजकी खुराडी ठेवली आणि तिथली अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत कबुतरे निम्म्यावर आली.

यातली दंडाची भाषा कुठे आहे ते मी शोधले. समजावणीचीच जास्त सापडली. आपल्याकडे आधी दंड, मग ताडपत्री, मग पोलीस. समजावणी शेवटी, वेळ उरला तर. पहाटे नदीकाठी पिशवी रिकामी करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थाला ‘पावती फाडा’ म्हटले की तो दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर येतो. दाणे टाकणारी माणसे बहुधा एकटी असतात, हे मी आईवरून सांगतो. दिवसातून एकदा कुणीतरी आपली वाट पाहते, हे सुख सोडायला त्यांना सांगायचे, तर त्या जागी काही द्यावे लागेल.

आणि देण्यासारखे पुष्कळ आहे. सगळ्यांत सोपे पाणी. पसरट मातीचे भांडे, दोन-तीन बोटे खोल, सावलीत, मांजराला झडप घालता येणार नाही अशा ठिकाणी. एप्रिल-मेच्या पुण्यात याला मोल आहे. मात्र ते रोज ओतून, घासून पुन्हा भरायचे. आठवडाभर तसेच ठेवलेल्या पाण्यात डास तयार होतात आणि आपल्या शहराला डेंग्यू काही नवा नाही. पाण्यावर कबुतरेही येतील. येऊ देत. पाण्याने त्यांची प्रजा वाढत नाही.

दुसरे, घर. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांच्या घरट्यांच्या पेट्या घरोघरी पोहोचवल्या. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० सालापासून सुरू झाला तो त्यांच्याच नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने. मराठी माणसाने जगाला दिलेल्या दिवसांची यादी फार मोठी नाही, तेव्हा याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. पेटीचे भोक सव्वातीन ते साडेतीन सेंटिमीटरचे असावे, म्हणजे मोठ्या पाखरांचा शिरकाव होत नाही. पेटी उंचावर, उन्हापावसाच्या आडोशाला आणि पंख्यापासून लांब असावी. लावली आणि पहिल्या महिन्यात कुणी आले नाही म्हणून काढू नये. भाडेकरू घर पाहायला येतो आणि विचार करून सांगतो, तसेच हे.

तिसरे अंमळ अवघड आहे, कारण त्यात काही करायचे नसते, करणे थांबवायचे असते. जूनच्या तोंडावर पावसाआधी सोसायट्या झाडांच्या फांद्या छाटतात, तोच नेमका कावळ्या-बुलबुलांचा घरट्यांचा काळ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणे हेही येते. करवत घेऊन आलेल्या कंत्राटदाराला हे ठाऊक नसते आणि त्याला बोलावणाऱ्या सेक्रेटरींनाही नसते. पिंजऱ्यातला आपला साधा हिरवा पोपट पाळणे याच कायद्याने गुन्हा आहे, हे सांगितले की अजून लोक हसतात. पंख फुटलेले पिल्लू खाली बसलेले दिसले की आपण ते उचलून खोक्यात ठेवतो, दूध पाजतो आणि मारतो. पक्ष्याला दूध पचत नाही. त्याचे आई-बाप बहुधा जवळच्या फांदीवरच असतात आणि आपण कधी हलतो याची वाट पाहत असतात. पिल्लू जखमी असेल, मांजराने धरले असेल, तर गोष्ट वेगळी. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, आणि बावधनला वन्यप्राण्यांवर उपचार करणारे केंद्र आहे. दिवाळीच्या साफसफाईत डक्टमध्ये गव्हाणी घुबडाची पांढरी पिल्ले निघाली, तरी तोच क्रमांक फिरवावा. घुबडाला अशुभ म्हणणाऱ्यांनी ते रात्रभर कुणाच्या घुशी-उंदरांचा बंदोबस्त करते, एवढे पाहावे.

पतंगाच्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. २०१८ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दुचाकीवरून जाणाऱ्या दोन स्त्रिया मांजाने गळा चिरून गेल्या. तरी दर संक्रांतीनंतर झाडांवर घारी उलट्या लटकलेल्या दिसतात. मुलांना आपणच पैसे देतो, हे एक वाक्य इथे पुरे.

डक्ट आणि एसीच्या फळ्या बंद करायच्या, तर आत अंडी-पिल्ले नाहीत हे पाहून, जाळी ताणून आणि चारही बाजूंनी घट्ट बसवायची. ढिली, लोंबती जाळी म्हणजे फास. आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक होला दोन दिवस अडकून होता. घरातले गावाला गेले होते. अग्निशमन दलाचे जवान शिडी लावून आले तेव्हा तो जिवंत होता. त्याला सोडवायला रस्त्यावर जमलेल्या गर्दीत दाणे टाकणारे होते आणि दाण्यांविरुद्ध सभेत तावातावाने बोलणारेही होते.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी पत्नीने पितळी डबा कट्ट्यावर ठेवला आणि बराच वेळ पुसत बसली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला कबुतरे आली. दाराच्या काचेतून आम्ही पाहत होतो. ती कठड्यावर फेऱ्या मारत होती, मधूनच मान वाकडी करून आत बघत होती. ‘‘अहो, आईंना काय वाटेल?’’ ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. पहिल्या दिवशी वीस-बावीस असतील. आठवड्याने दहा. तीन आठवड्यांनी सकाळी कठडा रिकामा होता, आणि खरे सांगायचे तर तो तसा पाहवत नव्हता. डब्यातल्या ज्वारीच्या भाकरी झाल्या.

आता कठड्याच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब, मातीचे भांडे आहे. ते घासायचे काम माझे, आणि तोंडावर पट्टी बांधून. बुलबुलाची जोडी नियमाने येते. जास्वंदीवर कीटकनाशक मारणे थांबवल्यापासून पानांना भोके पडली आहेत आणि एक शिंपी त्यांतून दिवसभर उलटसुलट फिरतो. चिमणीची पेटी लावून सात महिने झाले. ती रिकामी आहे.

आमच्या आवारात पांगाऱ्याचे जुने झाड आहे, त्याची एक मोठी फांदी वाळली आहे. तिच्या खालच्या बाजूला तांबट पक्ष्याने कोरलेले गोल, नीटस भोक आहे, आणि सकाळी उन्हात त्याची टकटक आमच्या गॅलरीत ऐकू येते. फांदी पार्किंगवर येते, गाड्यांवर पडेल, म्हणून यंदाच्या छाटणीच्या यादीत तिचे नाव पहिले आहे. फांदीचे भोकापुढचे टोक तेवढे कापावे, बुंध्याकडचे पाच फूट ठेवावेत आणि तेही पावसाळ्यानंतर, असा अर्ज मी सोसायटीकडे दिला आहे. खाली सात जणांच्या सह्या आहेत. त्यांतल्या दोघांनी गेल्या सभेत कबुतरांवरून एकमेकांची गचांडी धरली होती. सेक्रेटरी म्हणाले, समितीपुढे ठेवतो. कंत्राटदार पंधरा मेला येणार आहे.